"मी असं करणार नाही ना?"

नमस्कार. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यायचं असेल तर या, नाही आलात तरी मला चालेल, ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार सारखे येणं आणि ते शमवायला काहीतरी करत राहणं या आजाराच्या, विषयाला येणारे बरेच जण दाराजवळचीच खुर्ची पकडतात आणि त्यामागची भीती मला माहितीये.

थेट सुरू करते. एक बाई माझ्याकडे आली होती, म्हणजे तीन-चार पेशंटचं मिळून एक करून सांगतेय, कुणाचीच ओळख पटू नये म्हणून. पहिलं बाळंतपण, बाळ चार महिन्यांचं, माहेरून नुकतीच सासरी परत आलेली. घरातल्या सगळ्या सुऱ्या, विळी, कात्री, अगदी नेलकटरसुद्धा एका डब्यात भरून माळ्यावर. भाजी नवरा सकाळी ऑफिसला जायच्या आधी चिरून ठेवायचा. सासूबाईंना वाटायचं सून आळशी झालीय. आणि ही बिचारी कुणाला काय सांगणार, कारण झालं होतं असं की एके दिवशी कांदा चिरत होती, बाळ शेजारी झोपलं होतं, आणि एकदम डोक्यात आलं, ही सुरी मी याला मारली तर? एक सेकंद. हातातून सुरी पडली, अंगाला घाम फुटला, आणि मग तिने स्वतःला विचारलं, मी आई असून मला असं सुचलंच कसं? माझ्या मते आजार या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू झाला.

आपल्याकडे ओसीडी म्हटलं की लोकांना सारखे हात धुणारा माणूस आठवतो, जुना शब्द आहे ना, मंत्रचळ, अमक्याला मंत्रचळ लागलाय, तासभर मोरीत असतो. तो ओसीडी आहेच. पण ज्यांचा सगळा त्रास डोक्याच्या आत चालतो ते लोक दिसतच नाहीत. विचार तरी कसले, तर मुलाला इजा करण्याचे, देवाबद्दल घाण, नात्यातल्या माणसाबद्दल लैंगिक, गाडी चालवताना कुणाला उडवलं तर नाही ना. हे कुणाला सांगायचं? २०१५-१६ साली आपल्या देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याचा मोठा सर्व्हे झाला, त्यात ओसीडीचं प्रमाण हजारात साधारण आठ निघालं, आणि सर्व्हे करायला दारात आलेल्या अनोळखी माणसाला असा विचार कोण सांगेल, म्हणून मला तो आकडा कमीच वाटतो.

आता विचार येतात कुणाला? १९७८ साली रॅखमन आणि डी सिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लंडनमध्ये काय केलं, की ज्यांना काहीही आजार नाही अशा साध्या माणसांना विचारलं, तुमच्या मनात नको ते विचार घुसतात का. दहातल्या साधारण आठ जणांनी हो सांगितलं. पुढे त्यांनी आजारी आणि निरोगी लोकांच्या विचारांच्या याद्या शेजारी ठेवल्या, तर नुसता मजकूर वाचून कुठला कुणाचा हे तज्ज्ञांनासुद्धा धड ओळखता येईना. मग २०१४ मध्ये १३ देशांतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास आला, त्यात गेल्या तीन महिन्यांत असा निदान एक तरी विचार आला म्हणणारे ९४ टक्के निघाले. म्हणजे या हॉलमध्ये बसलेल्या जवळपास सगळ्यांच्या डोक्यात गच्चीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर कधी ना कधी आलंय, उडी मारली तर? तुम्ही काय केलंत, श्श, काहीतरीच, म्हणालात आणि खाली येऊन चहा प्यायलात. आणि ज्याला ओसीडी आहे तो तिथेच अडकला. त्याला वाटलं, आला म्हणजे काहीतरी अर्थ असणारच.

यात आपण वाढलो ती हवाही थोडी मदत करते, हे मला मुद्दाम बोलायचंय. "अगं असं अभद्र बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणत असते." "शुभ बोल रे नाऱ्या." घराघरात म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि दहातल्या नऊ जणांना त्याने काही होत नाही. पण ज्याच्या मनाची ठेवण आधीच तशी आहे त्याच्या डोक्यात विचार म्हणजे बोलणं, बोलणं म्हणजे घडणं, असं एकाला एक चिकटत जातं. मनात आलं म्हणजे निम्मं केल्यासारखंच. याला मानसशास्त्रात विचार आणि कृती एकजीव होणं म्हणतात. त्यात भर जबाबदारीची, की एक टक्का शक्यता असेल आणि मी काळजी घेतली नाही तर पाप माझंच. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅल्कोवस्किस यांनी १९८५ मध्ये यावरच बोट ठेवलं, की माणूस विचाराने तेवढा आजारी पडत नाही जेवढा त्या विचारातून स्वतःवर ओढून घेतलेल्या जबाबदारीने पडतो.

आणि मग तो विचार ढकलायला जातो. लहानपणी ऐकलेली ती वैद्याची गोष्ट आठवतेय का, औषध कसंही घ्या, फक्त घेताना माकडाची आठवण येता कामा नये, आणि त्या माणसाला आयुष्यात कधी आठवलं नसेल तेवढं माकड त्या दिवशी आठवतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी अमेरिकेत १९८७ मध्ये हेच पांढऱ्या अस्वलावर करून बघितलं. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली, आणि नंतर खुशाल विचार करा म्हटल्यावर ज्यांनी आधी दाबला होता त्यांनाच तो जास्त आला. पूर्वी थेरपीतसुद्धा मनगटाला रबरबँड लावून विचार आला की ताणून सोडायचा सल्ला द्यायचे, आणि अजूनही कुणी कुणी देतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो, कारण ते अस्वलाला हाकलण्यासारखंच झालं.

पण मनात विधी, म्हणजे भीती शमवायला माणूस पुन्हा पुन्हा करतो त्या गोष्टी, कसल्या चालतात हे समजून घ्या, कारण बोलण्याच्या उपचारांची सगळी मदार त्यावर आहे. आमच्या त्या बाईचं बघा. विचार आला की ती मनात "माझं बाळ सुखी राहो" अकरा वेळा म्हणायची, मध्ये चुकलं तर पहिल्यापासून. मग आठवून बघायची, त्या दिवशी सुरी धरली तेव्हा हात पुढे गेला होता का. मग बाळाकडे बघून तपासायची, प्रेम वाटतंय ना, पुरेसं वाटतंय ना. मग नवऱ्याला दिवसातून वीस वेळा, "मी असं करणार नाही ना हो?" रात्री तो झोपला की मोबाईलवर शोधायचं, वाईट आईची लक्षणं. बाहेरून बघाल तर बाई नुसती गप्प बसलेली. आत दिवसाचे पाच-सहा तास हेच.

१९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन बायकांवरच्या उपचारांचा रिपोर्ट छापला. तोवर वर्षानुवर्षं बालपणात खोदकाम करून फारसं काही हाती लागलं नव्हतं. एकीला धुण्याचा मंत्रचळ, दुसरीच्या डोक्यात देवाधर्माबद्दल अभद्र विचार. त्याने काय केलं, ज्याची भीती वाटते त्याच्या समोर त्यांना न्यायचं आणि विधी करूच द्यायचा नाही, नर्स सोबत, पहिलीच्या खोलीतला नळसुद्धा बंद. दोघी बऱ्याच सुधारल्या. यातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिला ईआरपी म्हणतात, भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीचा उतारा घ्यायचा नाही. आता तुम्ही म्हणाल, नळ बंद करता येतो, मनातला मंत्र कसा बंद करणार? म्हणून खूप वर्षं अशा पेशंटना वाटायचं, आणि काही डॉक्टरनाही, की यांना ही पद्धत लागू होत नाही.

होते. पण वेळ लागतो, आणि पहिली दोन-तीन सेशन तर नुसती कुठला भाग आपोआप आलेला विचार आणि कुठला आपण केलेला उतारा हे निवडण्यात जातात, तांदळातले खडे निवडावेत तसं. विचार आला ही माझी करणी नाही, अकरा वेळा म्हटलं ही माझी करणी. हे एकदा वेगळं दिसायला लागलं की अर्धी लढाई झाली. मग शिडी करायची, शंभरापैकी किती भीती, वीसपासून वर. तिच्या शिडीवर खालची पायरी होती माळ्यावरचा डबा खाली काढून ओट्यावर ठेवणं, मध्ये होतं बाळ दुसऱ्या खोलीत असताना काकडी चिरणं, आणि वरची, बाळाला शेजारी झोपवून एकटीने कोथिंबीर चिरायची, मनात काही न म्हणता. शिवाय तिने स्वतःच्या आवाजात तो विचार मोबाईलवर रेकॉर्ड केला, "मी माझ्या बाळाला मारू शकते, नाही असं कुणीही मला शंभर टक्के सांगू शकत नाही," आणि रोज अर्धा-पाऊण तास पुन्हा पुन्हा ऐकला. पहिल्या दिवशी ती रडत होती. दहाव्या-बाराव्या दिवशी म्हणाली, मॅडम, कंटाळा आला ऐकून. तो कंटाळा मला फार मोलाचा वाटतो.

तिने मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही एवढे पेशंट बघता, मी नाही ना असं करणार?" आणि तिच्या तोंडावर एवढी आशा होती की नाही म्हणून टाकावं असं कुणालाही वाटेल. मी तिला एकदाच नीट समजावून सांगितलं ओसीडी काय असतो, आणि म्हटलं, यापुढे या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. कारण मी नाही म्हटलं तर तिला बरं वाटतं वीस मिनिटं, आणि मग, पण मॅडमना मी सगळं सांगितलंय का? परत पहिल्यापासून. बोलण्याचे उपचार म्हणजे कुणीतरी गोड बोलून धीर देणार असं वाटून लोक येतात, आणि या आजारात धीर देणं हेच आजाराला खाऊ घालणं होतं. हे मला स्वतःला शिकायला काही वर्षं लागली.

महाराष्ट्रात अजून एक होतं. कि. मो. फडके सरांमुळे आपल्याकडे आरईबीटी ही विवेकनिष्ठ उपचारपद्धत घरोघरी पोचली, अविवेकी विचाराला आव्हान द्या, पुरावा मागा, आणि तिचा मोठा फायदा लोकांना झालाय. पण ओसीडीचा पेशंट ते स्वतःवर वापरायला लागतो तेव्हा दिवसभर मनात कोर्ट चालतं, मी खुनी असल्याचा पुरावा काय, नसल्याचा पुरावा काय, आणि तो वादच नवा विधी बनतो. आव्हान द्यायचं असेल तर "विचार आला म्हणजे मी वाईट" या समजुतीला द्यावं, सुरी आणि बाळ यावर वाद घालूच नये.

देवाचं बोलते. वारकरी घरातला एक मुलगा, विठोबासमोर उभं राहिलं की शिव्या सुचायच्या, म्हणून पंढरपूरला जायचं बंद केलं, माळ काढून ठेवली, आणि दिवसभर नामस्मरण करायचा, विचार पुसायला. नामस्मरण करू नको असं मी कसं म्हणेन. मी विचारलं, हे नाम तू प्रेमाने घेतोस का भीतीने? तो बराच वेळ गप्प बसला. मूर्तीचा अपमान करायला लावणं वगैरे काही थेरपी नाही, तसं कुणी सांगितलं तर उठून या. त्याला करायचं होतं एवढंच, की देवासमोर उभं राहायचं, शिवी आली तर येऊ द्यायची, आणि माफी मागायची नाही.

आकडे थोडक्यात. एडना फोआ आणि सहकाऱ्यांचा २००५ मध्ये अमेरिकेत छापून आलेला अभ्यास, १२ आठवड्यांचा. उपचार पूर्ण करणाऱ्यांत ईआरपीने ८६ टक्क्यांना फरक पडला, क्लोमिप्रामिन या ओसीडीवरच्या गोळीने ४८, दोन्हीने ७९, खोट्या गोळीने १०. मध्येच सोडणारे धरले की आकडे उतरतात, आणि सोडतात बरेच जण, कारण हे अवघड आहे. गोळ्यांना नावं ठेवू नका, त्रास जास्त असेल तर गोळीशिवाय शिडीची पहिली पायरीही चढवत नाही, फक्त ओसीडीत डोस बहुतेक वेळा जास्त लागतो आणि दोन-अडीच महिने थांबावं लागतं.

एक धोक्याचं सांगते, हे लक्ष देऊन ऐका. बाळंतपणानंतर ज्या बाईला असा विचार भयंकर वाटतो, जी बाळाला जपायला सुऱ्या लपवते, तिची गोष्ट मी केली. पण जिला आवाज ऐकू येतात, झोप पूर्ण उडालीय, बाळ आपलं नाहीच किंवा त्याच्यात काही शिरलंय असं जिला खरंच पटलंय, ते वेगळं आहे, त्यात त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं आणि तिला एकटं सोडायचं नाही.

थेरपिस्ट शोधताना लाजू नका, सरळ विचारा, तुम्ही ईआरपी करता का, आणि विधी सगळे मनातच असतील तर कसं करता? सुचत नसेल कुठून सुरू करायचं तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.

मगाशी एका काकांनी चिठ्ठी पाठवलीय. मुलगा रात्री उठवून विचारतो, बाबा, मी कुणाला गाडीने उडवलं नाही ना, आणि हे रोज सांगतात, नाही रे बाळा, झोप. काय करू? काका, उद्यापासून एकदम उत्तर बंद करू नका, त्याला ती शिक्षा वाटेल. दिवसा, शांतपणी, त्याच्याशी बसून ठरवा. त्यालाच सांगू दे की रात्री विचारलं तर बाबांनी काय म्हणायचं. एका घरात ठरलं होतं, "हा प्रश्न तुझा नाही, ओसीडीचा आहे, त्याला मी उत्तर देत नाही, पण तुझ्याजवळ बसतो." आणि खरंच बसायचे ते, कधी कधी तासभर, लाईट बंद करून, काही न बोलता. पहिले आठ-दहा दिवस तो चिडेल, तुमच्याही डोळ्यात पाणी येईल. तरी बसा.