आधी नकाशा, सनावळी नंतर

मंडळी, लहान गावात वाढलेल्या माणसापुढे रेकॉर्डर ठेवायचा आणि ‘तुमच्या बालपणाबद्दल काही सांगा’ म्हणायचं, की पाच मिनिटांत गाडी अडलीच. ‘छान दिवस होते, सगळे एकमेकांना ओळखायचे’ इथवर सगळेच येतात. दोष प्रश्नाचा आहे. लहानपणीच्या आठवणी सनावार लावलेल्या नसतात, त्या जागांना चिकटलेल्या असतात. त्यात लहान गावाची एक सोय म्हणजे मुलाचं सगळं जग चालत जाण्याच्या टप्प्यात असतं, एका कागदावर मावतं. म्हणून सुरुवात नकाशानं करा.

मोठा कोरा कागद घ्या आणि पेन्सिल द्या. खोडरबर देऊ नका, चुकलेली रेघही कामाची असते. आधी घर, मग शाळा, मग दोन्हींमधली वाट काढायला सांगा. दिशा आणि अंतरं चुकली तरी टोकू नका. वाट काढून झाली की तिच्यावरून बोट फिरवत चालायला सांगा. ‘दारातून बाहेर पडलात, उजव्या हाताला काय?’ कुठे चिखल असायचा, कुठलं कुत्रं अंगावर यायचं, कुणाच्या कुंपणापाशी आवाज खाली यायचा? इथून बोलणं सुटतं.

मग माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न: ‘एकट्यानं कुठपर्यंत जायची मुभा होती?’ सहाव्या, नवव्या आणि बाराव्या वर्षाची हद्द तीन रंगांत काढून घ्या. नगररचनाकार केविन लिंच यांनी १९६० मध्ये माणसांच्या मनातल्या शहराचे पाच घटक मांडले: वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा. मुलांच्या बाबतीत कडा सगळ्यात बोलकी. नदी, रेल्वेचे रूळ, शेवटचा दिवा. ती ओलांडली कधी, कुणाबरोबर आणि घरी कळलं का, हे विचारा. भावाची आणि बहिणीची हद्द एकाच वयात वेगळी निघाली, तर त्या घराबद्दल बरंच कळतं. मात्र दोघांना वेगवेगळे कागद द्या आणि नंतर ते एकत्र करायच्या फंदात पडू नका.

एक किरकोळ वाटणारी, पण हमखास घोळ करणारी गोष्ट: सांगणारा कागदावर बोट ठेवून ‘इथं पडलो’ म्हणतो, आणि रेकॉर्डरला ‘इथं’ दिसत नाही. म्हणून प्रत्येक जागेला आकडा द्या आणि बोट टेकलं की तुम्हीच मोठ्यानं म्हणा, ‘सात नंबर, पुलाचा कठडा.’ हे केलं नाही, तर महिन्याभरानं निम्मं रेकॉर्डिंग निरुपयोगी.

शब्द जपून वापरा. मानसशास्त्रज्ञ लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना नुसतं ‘धडकल्या’ तेव्हा. आठवड्यानं, फुटलेली काच दिसली होती का असं विचारलं. पहिल्या गटातल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यातले ७. काच फुटलीच नव्हती. तेव्हा ‘पूर आला तेव्हा घाबरला असाल ना?’ असं नको. ‘पाणी चढलं तेव्हा काय केलंत?’ एवढंच.

साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं फार थोडं टिकतं. कुणी पाळण्यातलं सांगू लागलं तर खोडून काढू नका, ‘याचा फोटो घरात होता का?’ असं सहज विचारून उत्तर टिपून ठेवा. ‘प्रचंड उंच भिंत’ आली, तर ती अजून उभी आहे का बघा आणि मोजा. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंचीवर असतात. सव्वा मीटरच्या भिंतीपलीकडचं त्याला दिसतच नाही. मोजमाप आणि आठवण, दोन्ही लिहा.

साल शेवटी. ‘कितवीत होतात? धाकटं भावंड झालं होतं का? वीज आली होती?’ असे टेकू लावत जा. जुन्या घटना आपल्याला आहेत त्यापेक्षा अलीकडच्या वाटतात, त्यामुळे सांगितलेलं साल शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा.

यंत्राचं थोडक्यात. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये हे निवडा: डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकच ट्रॅक). तासाला पाचशे एमबीच्या आसपास जागा लागते. माईक तोंडापासून वीतभर. पंखा बंद, फ्रिजही बंद. आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. एक बैठक तास-दीड तासाची. तासाभराचं उतरवून काढायला पाच-सहा तास धरून चला.

नावं बदलली की प्रश्न मिटला, असं मोठ्या शहरात एक वेळ चालेल. लहान गावात पोस्टमन एकच होता. नाव काहीही लिहा, तो कोण ते सगळ्यांना कळतं. त्यामुळे बैठक संपल्यावर कुठला भाग झाकून ठेवायचा आणि कधीपर्यंत, हे विचारा, लेखी घ्या, आणि ती तारीख फाइलच्या नावातच घाला. वेगळ्या वहीत लिहिलेली तारीख पुढे कुणी उघडून बघत नाही.