हेराल्ड की फियाट?

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी सातच्या आत यवतेश्वरचा घाट गाठला तर रस्ता मोकळा मिळतो. जुन्या गाडीचा दम बघायला साताऱ्यात मला तरी याहून चांगली जागा ठाऊक नाही. आमच्या घरात वडिलांची फियाट अकराशे डिलाइट होती आणि काकांची स्टँडर्ड हेराल्ड. दोन्ही मी पुष्कळ चालवल्या. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची तर कुठली, असं कुणी विचारलं की मी या घाटापासूनच सुरुवात करतो.

फियाटचं इंजिन 1089 सीसीचं, हेराल्डचं 948. चढाला हा फरक लगेच जाणवतो. चार माणसं बसलेली असताना फियाट तिसऱ्यावर रेटत जाते तिथं हेराल्ड दुसरा गिअर मागते. पण वळणाला हेराल्डच! तिची पुढची चाकं इतकी वळतात की जेमतेम 25 फुटांच्या वर्तुळात ती अख्खी फिरते. राजवाड्यामागच्या बोळात काका एका घावात गाडी वळवायचे. फियाटला तिथं मागंपुढं करावं लागायचं.

उताराला मात्र हेराल्ड जपून चालवावी. तिची मागची चाकं स्वतंत्र, स्प्रिंगच्या एका आडव्या पाट्यावर बसवलेली. वेगात वळताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की बाहेरचं चाक आत दुमडू बघतं आणि गाडीची मागची बाजू सुटते. वेग वळणाआधीच कमी करावा, आत शिरल्यावर नाही.

आता बॉनेट. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं कलतं आणि सगळं इंजिन उघडं पडतं. पुढच्या टायरवर बसून प्लग साफ करा, कंबर वाकवायची गरज नाही. लहानपणी मी इंजिन शिकलो ते तिथं बसूनच. तिची बॉडी वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बोल्टांनी जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये ही गाडी घडत होती तेव्हा बॉडी बनवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हातात गेला, मग तुकड्यातुकड्यांनी बॉडी करावी लागली. त्या अडचणीचा फायदा आज आपल्याला होतो, कारण गंजलेला भाग तेवढा सोडवून काढता येतो. फियाटला वेगळी चासी नाही. तिचा तळ सडला तर वेल्डिंगचं मोठं काम निघतं.

तरीही घरच्यांना घेऊन फिरायचं असेल तर मी फियाटच सांगेन. चार दरवाजे, पुढं सलग सीट आणि गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पाय ठेवायला ऐसपैस जागा. सुरुवातीची हेराल्ड दोन दरवाज्यांची. म्हाताऱ्या माणसाला मागं बसवायचं म्हणजे पुढची सीट वाकवा, हात धरा. शिवाय फियाट पुढं पद्मिनी नावानं जवळजवळ 2000 सालापर्यंत बनत राहिली, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी तर 2023 मध्ये थांबली. म्हणून तिचे पार्ट शोधले की मिळतात. हेराल्डचे पार्ट हुडकताना जीव जातो.

पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती रोज कामाला वापरता येत नाही. घेण्याआधी हे ठरवून टाका.

आणि हेराल्ड बघायला गेलात, तर जॅक लावून पुढचं चाक वरखाली हलवा. चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, ऑइल घालायचं असतं, ग्रीस नव्हे. कोरडा राहिला तर एक दिवस तो तुटतो आणि चाक आडवं होतं. काकांची गाडी आता माझ्याकडे आहे. घाटात न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथं ऑइल सोडतोच.