23 किलो आणि पत्रपेटीवरचं नाव

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घराची माडी. जमिनीवर उघडी बॅग, भोवती डबे, पिशव्या, वर्तमानपत्रं.)

बॅगेच्या मुठीला अडकवलेला वजनकाटा 24.6 दाखवतो. तिकिटावर 23 किलो लिहिलेलं आहे. बॅग पुन्हा उघडते. जास्तीची वस्तू दुसऱ्यानंच ठेवली, अशी घरातल्या प्रत्येकाची खात्री असते.

जर्मनीतल्या विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. त्यामुळे तिकडे शिकायला निघालेल्या मुलांच्या बडोद्यातल्या मराठी घरांत ही बांधाबांध बहुधा गणपतीच्या आगेमागे चालते. मखर एका कोपऱ्यात, बॅग दुसऱ्या.

सगळ्यात आधी बाहेर निघतं ते तूप. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सोबत दूध, मांस किंवा त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, खवा नाही, पेढे नाहीत. "एवढंसं कोण बघतंय" हा युक्तिवाद फ्रँकफर्टच्या कस्टममध्ये चालत नाही. ताजा कढीपत्ताही ठेवू नये. ताज्या पाल्याला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि तो परसातल्या झाडाला कोण देणार? सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर भारतातल्या विमानतळावरच अडतात. त्यांत तेल भरपूर असतं, त्या पेट घेऊ शकतात. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी मात्र निर्धास्त न्यावीत, शक्यतो पाकीटबंद आणि वर नाव लिहिलेली.

लोणचं नेता येतं, पण त्याची एक खोड आहे. उडत्या विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. बरणीत अडकलेली हवा फुगते आणि तेलाला झाकणाच्या आट्यांतून बाहेर ढकलते. कपडे पिवळे होतात ते यामुळे, झाकण सैल होतं म्हणून नव्हे. बरणी गळ्यापर्यंत भरावी, तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून मगच झाकण लावावं, आणि सगळं दोन पिशव्यांत गुंडाळावं.

थेपले बडोद्याच्या मराठी घरात आता पाहुणे राहिलेले नाहीत. प्रवासाच्या थेपल्यांच्या कणकेत दही घालू नये, मोहन जास्त घालावं, आणि पूर्ण गार झाल्यावरच ते भरावेत. कोमट भरले की आतली वाफ पाणी धरते आणि बुरशी येते. थेपले, पातळ पोहे आणि मेतकूट हातातल्या बॅगेत हवेत, मोठ्या बॅगेत नकोत. याचं कारण पुढे येईल.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर कुकर, मिक्सर.)

कुकर घेताना खिशात चुंबक असावं. जर्मनीतल्या भाड्याच्या घरांत काही शेगड्या इंडक्शनच्या असतात, आणि तिथे साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. तळाला चुंबक घट्ट चिकटलं तरच भांडं चालेल. मिक्सरची वीज हीच, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरचं वजन कशाला वाहायचं? फरक आहे तो पिनेचा. मिक्सरच्या तीन जाड पिना तिथल्या खोल, गोल सॉकेटमध्ये बसत नाहीत, ॲडॅप्टर लागतो. तो अर्थिंगचा घ्यावा. स्वस्त ॲडॅप्टरमध्ये तिसऱ्या पिनेला नुसतं भोक असतं, आत जोडणी काहीच नसते.

बॅगेवर घर महिनाभर खपतं. ज्यावर पहिला महिना खरोखर अडतो, ते कागद एका फोल्डरात बसतात. त्यांच्याकडे मात्र आदल्या रात्री लक्ष जातं.

(दृश्य: टेबलावर फोल्डर. पासपोर्ट, प्रवेशपत्र, बँकेचे कागद.)

विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो आधी भरून दाखवावे लागतात. त्यातले महिन्याला 992 युरोच हातात येतात. अशी महिन्याला बांधलेली रक्कम बडोद्याला नवी नाही. 1913 साली बडोदा संस्थानानं भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं ते दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर.

फरक असा की 992 युरो विमानतळावर उतरल्या उतरल्या मिळत नाहीत. ते जमा व्हायला चालू खातं लागतं, आणि बऱ्याच बँका खात्यासाठी पत्त्याची नोंद मागतात. या नोंदीला म्हणतात आनमेल्डुंग. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती करायची असते. तिच्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र हवं, भाडेकरार पुरत नाही. खोली नसेल तर पत्र नाही, पत्र नसेल तर नोंद नाही, आणि नोंद नसेल तर स्वतःचेच पैसे लांबून बघायचे. म्हणून पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत आणि खाणंपिणं यांचे पैसे वेगळे न्यावेत. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढी, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे. "नोंद करता येणार नाही" असं जाहिरातीतच लिहिलेली खोली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. खोली न दाखवता आधी पैसे मागणारा तर सरळ ठगच समजावा. बर्लिनसारख्या शहरात नोंदणीची तारीख लवकर मिळत नाही. पण ती ऑनलाइन घेता येते, अगदी बडोद्यात बसूनही.

खोलीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. आंबेडकर 1917 साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहून आलेल्या या माणसाला जातीमुळे या शहरात घर मिळालं नाही. परदेशात मुलांना खोली मिळत नाही म्हणून हळहळताना बडोदेकरांना हे ठाऊक असावं.

(दृश्य: जर्मन इमारतीचं दार. पत्रपेट्यांची रांग, प्रत्येकीवर आडनावाची पट्टी.)

आता ती पट्टी. जर्मनीत फ्लॅटला बहुधा क्रमांक नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत नेतो. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, अकरा आकडी कर क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानं येतं. त्यात आपल्याकडे नावाच्या मागे वडिलांचं नाव असतं. कुठला कारकून त्यालाच आडनाव समजतो, कुठला दोन्ही जोडून टाकतो. पट्टीवर पासपोर्टातलं आडनाव, त्याच स्पेलिंगनं, पहिल्याच दिवशी लावावं. पेटी घरमित्राची असेल तर त्याच्या नावाखाली आपलं. कागदाचा तुकडा आणि चिकटपट्टी पुरते.

नोंद झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते फेकून देतात आणि दंडासह पुन्हा येतं. ही वर्गणी माणशी नसून घराला एक असते. चौघे एकत्र राहत असतील तर एकानं भरावी, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवावा.

(दृश्य: रविवार सकाळ. बंद सुपरमार्केट, रिकामा रस्ता.)

थेपले हातातल्या बॅगेत का, ते आता कळेल. रविवारी दुकानं बंद. काही बेकऱ्या थोडे तास उघडतात, मोठ्या स्टेशनांतली दुकानं चालू असतात, बाकी शुकशुकाट. शनिवारी रात्री पोचलेल्याला सोमवार सकाळपर्यंत बॅगेतल्यावरच राहावं लागतं, आणि मोठी बॅग वाटेत मागे राहिली तर हातातल्या बॅगेतल्यावरच. नळाचं पाणी पिता येतं, तेवढी चिंता नको.

सोमवारी पिठाच्या रांगेसमोर गोंधळ ठरलेला. पाकिटांवर 405, 550, 1050 असे आकडे. 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर जितके मिलिग्रॅम राख उरते तो हा आकडा. आकडा कमी तितका कोंडा कमी. 405 म्हणजे जवळपास आपला मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात. 1050 त्यातल्या त्यात कणकेजवळचं. पाणी थोडं जास्त घालून अर्धा तास झाकून ठेवावं.

दही तिथल्या साध्या दह्यानंच विरजतं. अर्धा लिटर दूध बोटाला सोसेल इतकं गरम, त्यात चमचाभर दही, आणि भांडं ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. सहा ते आठ तास पुरतात. ओट्यावर ठेवलं तर थंडीत सकाळी दूधच मिळतं.

फोडणी खिडकी उघडून करावी. खोल्यांत धुराचा गजर बसवलेला असतो आणि त्याला मिरची-मोहरीची फोडणी आणि आग यांतला फरक कळत नाही. काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो, मग बिलही येऊ शकतं.

खिडकीचं प्रकरण इथं संपत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी खिडक्या लावून बसायची सवय असते. तिथे उलटं, हाडं गोठवणाऱ्या थंडीत खिडकी सताड उघडायची. कुकरची वाफ, आंघोळ, खोलीत वाळणारे कपडे यांचं पाणी हवेत साठतं आणि गार भिंतीवर बसतं. कपाटामागे, पलंगाच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि तिचा खर्च मालक अनामतीतून कापू बघतो. खिडकी वरून थोडी कलती ठेवून दिवसभर सोडणं ही नेहमीची चूक. हवा फारशी बदलत नाही, भोवतालची भिंत मात्र गार पडते आणि बुरशी तिथेच येते. हीटर बंद करून दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडावी, मग लावून हीटरची कळ 3 या आकड्यावर. त्यावर खोली साधारण 20 अंशांवर राहते. 5 वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन चेपून कचऱ्यात टाकू नयेत. प्रत्येकामागे बहुधा 25 सेंट परत मिळतात, पण यंत्राला बारकोड वाचता आला तरच.

(दृश्य: पुन्हा दांडिया बाजार. रात्र. टेबलावर फोन, शेजारी आजी.)

जर्मनीत संध्याकाळचे साडेपाच वाजले की उन्हाळ्यात बडोद्यात रात्रीचे नऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आपली आहेत तशीच चालतात. साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. आजीला आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, की उद्यापासून फोन नऊला नाही, दहाला येईल.