पेजमेकरच्या जुन्या फायली आणि लॅपटॉपमधली एक्सपी

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं.

इथे दिवाळी अंकवाले, छोटे प्रकाशक आणि डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणारे बरेच दिसतायत, म्हणून व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरचा, इतिहास वगैरे फार सांगत बसत नाही. आयबीएमने १९७२ मध्ये मेनफ्रेमवर, म्हणजे त्यांच्या अवाढव्य कॉम्प्युटरवर, अशा मशीनचं व्हीएम/३७० आणलं, म्हणजे कल्पना आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा म्हातारी आहे, एवढं पुरे. आपला प्रश्न वेगळाय. तुमच्या कपाटात २०००-२००५ च्या सीडी पडल्यात, त्यात पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या फायली, फॉण्ट श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव यातला कुठलातरी, आणि त्या फायली तुम्ही इमानेइतबारे हार्डडिस्कवर घेतल्यात, क्लाउडवरही टाकल्यात, आणि उघडत मात्र एकही नाही. तर फाइल जपली म्हणजे मजकूर जपला असं नसतं, ती वाचणारं मशीनही जपावं लागतं, आणि ते आता फुकटात जमतं. मला आज सांगायचंय ते एवढंच.

आधी फॉण्टचं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट वापरता यायला विंडोज २००० उजाडावं लागलं, आणि छपाईवाल्यांनी तर त्यानंतरही कित्येक वर्षं जुनेच फॉण्ट चालवले. हे फॉण्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा आहे. फॉण्ट काढला की तेच उरतं. ‘कि’ लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटीचा एफ आधी आणि क चा डी नंतर, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते ना! रफार उलट अक्षराच्या नंतर. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही.

आता कोणी म्हणेल, पेजमेकर ७ आमच्याकडे विंडोज १० वर चालतंय की. काहींकडे चालतं, मान्य. पण फॉण्टसोबतचा कीबोर्डचा प्रोग्राम, त्याच्या लॉकचा म्हणजे कॉम्प्युटरला मागे जोडायच्या डोंगलचा ड्रायव्हर, हे सगळं ३२-बिटच्या म्हणजे जुन्या विंडोजच्या जमान्यातलं, आणि ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर घेतच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच येते. म्हणून त्याच जमान्यातली विंडोज एक्सपी, आणि तीही लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीनच्या आत.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे पोटभाडेकरू समजा, फक्त या पोटभाडेकरूला अख्खं घर आपलंच आहे असं वाटत असतं. असं मशीन बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं, व्हीएमवेअर वर्कस्टेशनही २०२४ पासून फुकट झालंय, दोन्हीतलं कुठलंही घ्या. मी व्हर्च्युअलबॉक्सचं सांगतो कारण रोज तेच वापरतो. एक्सपीला १ जीबी रॅम भरपूर झाली (तिची स्वतःची किमान मागणी ६४ एमबी होती, आता एक ब्राउझरचा टॅब तेवढ्यात उघडत नाही), डिस्क १० जीबी. मशीनच्या सेटिंगमध्ये डिस्कचा कंट्रोलर आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) ठेवायचा, साटा (नवी) नाही, एक्सपीच्या सीडीत साटाचा ड्रायव्हर नसतो, मग इन्स्टॉल सुरू होता होताच निळा पडदा येतो आणि माणूस सीडी खराब आहे समजून सोडून देतो. यूएसबीही २.० वर ठेवा, ३.० एक्सपीला कळत नाही. सीडी ड्राइव्ह आता लॅपटॉपला नसतोच, तेव्हा एखाद्या जुन्या पीसीवर सीडीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, करून घ्या, आणि हे काम लवकर करा, रायटेबल सीडी आतून मरतात. लायसन्स तुमचं स्वतःचं हवं, बरं का, एक्सपी जुनी झाली म्हणून फुकट झालेली नाही, आणि ३० दिवसांत अ‍ॅक्टिव्हेशन मागते, तेव्हा प्रॉडक्ट की लिहिलेला तो स्टिकर किंवा पुठ्ठा शोधून ठेवा.

इन्स्टॉल करताना पडद्यावर ‘३९ मिनिटं राहिली’ असं येईल, ते मनावर घेऊ नका, एसएसडीवर त्याच्या खूप आधी आटपतं. माऊस खिडकीत अडकला तर उजवं कंट्रोल दाबायचं, सुटतो. आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर व्हायरस नाहीये तो, तुमच्या विंडोजचं हायपर-व्ही, म्हणजे तिची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावरून काम करावं लागतंय, म्हणून हळू. चालत असेल तर राहू द्या.

एक गोष्ट मात्र ऐकाच. नेटवर्क बंद. त्या एक्सपीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क अ‍ॅडाप्टरची टिकच काढून टाका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, २०१७ च्या मे मध्ये वॉनाक्राय हे फायली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक पॅच दिला, पण तसं नेहमी होत नाही. शिवाय नेट जोडून करणार काय, त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये आजच्या बहुतेक साइट उघडतही नाहीत. फायली आतबाहेर करायला लॅपटॉप आणि एक्सपी दोघांना दिसणारा शेअर्ड फोल्डर आहे, त्यासाठी एक्सपीच्या आत व्हर्च्युअलबॉक्सचं गेस्ट अ‍ॅडिशन्स टाकावं लागतं. सगळं बसलं, फॉण्ट बसले, पेजमेकर बसलं की लगेच एक स्नॅपशॉट घ्या, पुढे कितीही गोंधळ घातला तरी त्या दिवसावर परत जाता येतं. ही सोय १९९९ ला असती तर सायबर कॅफेवाल्यांनी पेढे वाटले असते.

मग फाइल उघडली. आता काय? तर दोन कामं, आणि दोन्ही करायची. पहिलं, पान जसंच्या तसं काढायचं: एक्सपीत कुठलाही पोस्टस्क्रिप्ट (पान छापायची एक भाषा) प्रिंटर खोटाच बसवायचा, ‘प्रिंट टू फाइल’ करायचं, फॉण्ट फायलीत एम्बेड करायला सांगायचं, आणि ती फाइल बाहेर आणून घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने पीडीएफ करायची. पान दिसायला अगदी छापल्यासारखं येतं, पण त्यातला मजकूर कॉपी केला की पुन्हा ई जे के. म्हणून दुसरं काम, पेजमेकरमधून मजकूर टेक्स्ट म्हणून एक्स्पोर्ट करायचा आणि त्याच फॉण्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्यायचा. जोडाक्षरं आणि रफार यात घोळ होतोच, तिथे पीडीएफ शेजारी ठेवून माणसानेच वाचायचं. बिनचूक होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डोंगल एक्सपीच्या आत कसं चालवायचं असं विचारलंत. यूएसबीचं असेल तर डिव्हाइसेसच्या मेनूत जाऊन त्यावर टिक करा, ते मशीनच्या आत जातं. जुनं, प्रिंटरच्या पोर्टला लागणारं असेल तर अवघड आहे, बाजारात यूएसबीची केबल मिळते पण ती प्रिंटरपुरतीच असते, लॉक तिला ओळखत नाही. अशा वेळी ज्यांच्याकडे पोर्टवाला जुना पीसी अजून चालू आहे त्यांच्याकडे जाऊन सगळ्या फायली एका बैठकीत पोस्टस्क्रिप्ट करून आणा, एवढंच.

आणि ताईंचा प्रश्न, मॅकवर हे चालेल का. एम१ चिपचे आणि त्यापुढचे मॅक एक्सपी थेट चालवत नाहीत, प्रोसेसरच वेगळ्या जातीचा आहे. त्यावर यूटीएम नावाचा प्रोग्राम घ्या, तो आतल्या आत इंटेलचा प्रोसेसर नकली तयार करतो, त्यामुळे चालतं पण हळू. महिन्यातून दोन फायली उघडायच्या असतील तर ठीक, अख्खं कपाट काढायला बसणार असाल तर सेकंडहँड इंटेल लॅपटॉप घ्या, वेळ वाचेल.