जुने गोवे पाहायचे तर संग्रहालयापासून सुरुवात करा

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे गोव्याला जाणे म्हणजे परमुलखात जाणे नव्हे. बाजार, दवाखाना, सोयरीक, देवदर्शन अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने आमच्या घरातील माणसे वरचेवर पेडण्याची हद्द ओलांडत असतात. तरीही पणजीपासून अवघ्या १० किलोमीटरांवर असलेले जुने गोवे, म्हणजे १५३० पासून १८४३ पर्यंत पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी राहिलेले नगर, मी नीट पाहिले ते फार उशिरा. त्याआधी एकदा सहलीच्या बसमधून गेले होते. पाऊण तासात दोन चर्च दाखवून आम्हाला परत बसमध्ये बसवण्यात आले, आणि पुरातत्त्व संग्रहालयाच्या दारावरून जाताना सांगण्यात आले की आत नुसते दगड आहेत.

त्या दगडांविषयीच मला आज बोलायचे आहे.

या वेळी आम्ही घरची चार माणसे होतो आणि आमच्यापुरती एक मार्गदर्शक ठरवली होती. या बाई मूळच्या तिसवाडीच्या. पर्यटन खात्याची मान्यता असलेले ओळखपत्र त्यांच्या गळ्यात होते आणि मराठी व कोकणी दोन्ही त्या सहज बोलत होत्या. मार्गदर्शक ठरवताना ओळखपत्र आवर्जून पाहावे, वेळ किमान अर्ध्या दिवसाची ठरवून घ्यावी आणि दिवस शुक्रवार नसावा, कारण शुक्रवारी संग्रहालय बंद असते. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे घालावेत, कारण येथील चर्च ही आजही उपासनेची ठिकाणे आहेत. खासगी फेरीचा खरा लाभ आपल्याला हव्या त्या ठिकाणी हवा तितका वेळ थांबता येणे हा आहे. आम्ही एका वीरगळासमोर, म्हणजे युद्धात पडलेल्या वीराच्या कोरीव स्मरणशिळेसमोर, जवळजवळ अर्धा तास उभे होतो. बसच्या सहलीत हे कोणी करू देत नाही.

सर्वसाधारण क्रम असा असतो की आधी बॉम जीझसचे चर्च, मग रस्ता ओलांडून से कॅथेड्रल आणि वेळ उरलाच तर संग्रहालय. हा क्रम उलटा करावा असा माझा आग्रह आहे. ज्या नगरातील बहुतेक इमारती नाहीशा झालेल्या आहेत, त्या नगरात उरलेल्या चार इमारतींकडे पाहून राजधानीची कल्पना येत नाही. नारळांच्या आणि हिरवळीच्या मधोमध ही भव्य चर्च अशी सुटी सुटी का उभी आहेत, हा प्रश्न संग्रहालयातून बाहेर पडल्यावर खऱ्या अर्थाने पडतो.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ मध्ये सुरू केलेले हे संग्रहालय संत फ्रान्सिस असिसीच्या चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात आहे. आत शिरताच अल्फोन्सो द अल्बुकर्कचा प्रचंड ब्राँझ पुतळा समोर येतो. २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून ज्याने हे नगर कायमचे घेतले, तो हा माणूस. त्याच्यापाशी छायाचित्रे काढून बहुतेक लोक पुढे जातात. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मात्र आम्हाला थेट दगडांच्या दालनात नेले आणि कदंबकाळातील, म्हणजे पोर्तुगिजांच्या आधी गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या काळातील, एका वीरगळासमोर उभे केले.

वीरगळ आपल्याला नवीन नाहीत. देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेले असे दगड आपण पाहिलेले असतात. वाचायची रीत खालून वर जाणारी असते: तळाच्या चौकटीत वीराचे शेवटचे युद्ध, त्याच्या वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि ही कीर्ती चिरंतन राहो म्हणून चंद्र-सूर्य. घाटावरच्या वीरगळांत तळाच्या चौकटीत घोडे, पायदळ किंवा पळवून नेली जाणारी गुरे असतात. येथे मात्र नाव आहे. वल्हेकरी ओळीने बसलेले आहेत आणि लढाई पाण्यावर चाललेली आहे. दगड खाऱ्या हवेने झिजला आहे, चेहरे पुसले गेले आहेत, तरी वल्ह्यांच्या तिरप्या रेषा स्पष्ट दिसतात. आमच्या घरी मासेमारीची होडी आहे, त्यामुळे असेल, पण त्या एकाच कोनात कोरलेल्या रेषा पाहताना माझ्या वडिलांचा हात नकळत हलला. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथेही नौकायुद्धाचे वीरगळ आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज येण्यापूर्वीच आरमार बाळगणारी राज्ये नांदत होती, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील एका ओळीपेक्षा हा दगड अधिक ठामपणे सांगतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण नकाशावर हमखास घोटाळा होतो. आज ज्याला ‘गोवा वेल्हा’ म्हणतात ते गाव जुवारीच्या काठी आहे. ती कदंबांची राजधानी गोपकपट्टण. कदंबांनी त्याआधीची आपली राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, सोडून येथे बंदराच्या काठी बस्तान हलवले होते. मांडवीच्या काठचे जुने गोवे हे त्यानंतरचे. त्याचे पूर्वीचे नाव एला, आणि आदिलशाहीच्या काळात ते भरभराटीला आले. म्हणजे राजधानी हलवणे ही गोष्ट या प्रदेशाला पोर्तुगिजांनी शिकवलेली नाही.

वरच्या मजल्यावर पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची लाकडी फळ्यांवर रंगवलेली पुरुषभर उंचीची चित्रे आहेत. ही मालिका व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रो याने १५४७ च्या सुमारास सुरू करवली आणि पहिली चित्रे रंगवणारा हात एका स्थानिक चित्रकाराचा होता. त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. चित्रांवर पुढे वारंवार रंग चढवले गेल्यामुळे त्या हाताचे मूळ काम आता फारसे उरलेले नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आता बाहेर येऊ. बॉम जीझसच्या भिंतीला हात लावून पाहा. हा आपला जांभा, आपण ज्याला चिरा म्हणतो तो. बोटाच्या पेराएवढी छिद्रे, हाताला लागणारी तांबडी पूड. त्याच दर्शनी भिंतीतील खांब आणि नक्षी मात्र काळ्या बेसाल्टची आहे, गुळगुळीत आणि थंड, आणि तो दगड वसईहून आणलेला आहे. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, हे कोकणातील कोणताही पाथरवट सांगेल. चर्चचे काम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते पवित्र करण्यात आले. मूळच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यास काढण्यात आला. आपल्या घराचे उघडे चिरे चार पावसाळ्यांत कसे काळवंडतात आणि झिरपतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही भिंत पाहून काळजी वाटल्याशिवाय राहणार नाही.

याच चिऱ्यात नगर नाहीसे होण्याचे अर्धे उत्तर आहे. साथीच्या रोगांनी वस्ती ओसरली, व्हाइसरॉयचा मुक्काम १७५९ मध्ये पणजीला गेला, आणि १८३४-३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बरखास्त केल्यावर मोठमोठे मठ ओस पडले. छप्पर गेले की कोकणचा पाऊस जांभ्याची भिंत फार वर्षे राहू देत नाही. जे टिकाऊ होते ते लोकांनी नेले. पणजीच्या आझाद मैदानावरील मंडपाचे खांब जुन्या गोव्यातील पडक्या चर्चचे आहेत, आणि पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये वाजणारी मोठी घंटा मूळची संत ऑगस्टीनच्या मठातली आहे. संग्रहालयातला अल्बुकर्कचा पुतळा मात्र उलट वाटेने, पणजीहून येथे आला.

संत ऑगस्टीनच्या टेकडीवर चढून जावेच. १८४२ मध्ये चर्चची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला; मूळ ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचा उरलेला भाग अजून उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणातील शिराझ येथे ठार करण्यात आले, आणि तिचे अवशेष ऑगस्टीन पंथीयांनी येथे आणून ठेवले होते. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात हाडे सापडली, हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात त्यांची डीएनए तपासणी झाली, आणि जुलै २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला देण्यात आले. बाई हे सांगत होत्या तेव्हा आम्ही जमिनीत बसवलेल्या, नावे कोरलेल्या थडग्यांच्या शिळांच्या कडेने चालत होतो.

तेथून खाली उतरून संत कायतानच्या चर्चजवळ आलात की आदिलशाहाच्या वाड्याचे दार म्हणून ओळखली जाणारी एक चौकट दिसते. दोन कोरीव काळे खांब, वर आडवी शिळा, आणि मागे काहीही नाही. कोरीवकामाची घडण आपल्या देवळांच्या चौकटींशी इतकी मिळतीजुळती आहे की ती घडवणारे कारागीर येथलेच असणार असे मला वाटते. बहुतेक गाड्या या दारासमोरून न थांबता जातात.

थोडे पुढे व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने व्हाइसरॉय असताना ती उभारली. आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. नवा व्हाइसरॉय या कमानीतून नगरात शिरत असे. आपण उलट्या दिशेने, नदीकडे जायचे. समोर धक्का आहे आणि दिवाडीला जाणारी फेरीबोट आहे.

कदंबांचे आराध्य दैवत सप्तकोटीश्वर याचे देऊळ याच दिवाडी बेटावर होते. पोर्तुगिजांनी १५४० मध्ये ते पाडले आणि भाविकांनी लिंग पाण्यापलीकडे नार्व्याला नेले. बेट ओलांडून दुसऱ्या टोकाला गेले की नार्व्याची फेरी मिळते. आमची ठरलेली वेळ संपली होती, तरीही बाई आमच्यासोबत तेथवर आल्या. नार्व्याच्या देवळातील शिलालेखात शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार अशी तिथी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नोव्हेंबर १६६८ मध्ये या देवळाच्या बांधकामाला सुरुवात झाली, ती ही नोंद. माझ्या वडिलांनी चष्मा पुसून ती अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचली.