संकष्टीचे पाच चंद्र

नमस्कार मंडळी, आज डोळ्यांबद्दल बोलायचंय, पण मी डॉक्टर नाही हां, मी पेशंट आहे, केराटोकोनसवाला, आणि तोही दोन्ही डोळ्यांचा.

बारावीत होतो तेव्हाची गोष्ट. संकष्टी होती, ताटं वाढायची थांबलेली, आई म्हणाली गच्चीवर जाऊन बघ रे चंद्र आला का. मी वर बघितलं तर एकाखाली एक पाच चंद्र, खालच्यांना शेपट्या फुटलेल्या. खाली येऊन म्हटलं, "आले." आई म्हणाली, "आले म्हणजे?" सगळे हसले, मीही हसलो, कारण मला खरंच वाटायचं की सगळ्यांना असंच दिसतं.

त्याआधी दोन वर्षं माझा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत होता, तिरका नंबर तर वाढतच चाललेला, नवीन काच बसवली की चार दिवस बरं आणि परत ये रे माझ्या मागल्या, घरचे म्हणायचे मोबाइल कमी कर. खरं कारण वेगळंच निघालं, तेच हे केराटोकोनस. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो ना, कॉर्निया, तो पातळ होत होत पुढे शंकूसारखा फुगत होता. वेड्यावाकड्या काचेतून बाहेर बघितलं की कसं सगळं ओढल्यासारखं दिसतं, तसं ते, आणि त्यावर चष्मा लावून कितीसं सुधारणार? बरं, मला ॲलर्जी, त्यामुळे लहानपणापासून मुठी वळून डोळे चोळायची सवय. एवढ्या एका कारणानेच हे होतं असं नाही, पण चोळल्याने वाढतं, म्हणून घरात कुणी पोर सारखे डोळे चोळत असेल तर त्याला नुसतं ओरडू नका, ॲलर्जीचे ड्रॉप्स डॉक्टरांना विचारून सुरू करा.

तर आधी माझं सी-थ्री-आर केलं, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब घालून त्यावर अतिनील किरण सोडतात, त्याने कॉर्निया जरा कडक होतो आणि फुगणं थांबतं. इथे लोकांचा घोळ होतो. याने आजार थांबतो, नजर परत येईलच असं नाही. आणि लेन्सने नजर येते पण आजार थांबत नाही. दोन्हीची कामं वेगळी.

मला आधी छोटी कडक लेन्स दिली होती, आरजीपी, ती टोचायची, एकदा लोकलच्या गर्दीत पडली ती पडलीच. मग स्क्लेरल लेन्स आली. ही मोठी असते, कॉर्निया साधारण साडेअकरा-बारा मिलिमीटरचा आणि ही लेन्स पंधरा-सोळाच्या पुढची, त्यामुळे ती कॉर्नियाला शिवतच नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधल्या पोकळीत सलाइन राहतं. कॉर्निया कितीही वाकडा असो, पुढून डोळा गुळगुळीत. गंमत म्हणजे ही कल्पना नवी नाहीच, झुरिकमधल्या फिक नावाच्या डॉक्टरने १८८८ मध्ये असल्याच मोठ्या लेन्सबद्दल लिहून ठेवलंय, पण त्या काचेच्या, आणि कॉर्निया तर ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, मग तो गुदमरणार नाहीतर काय! ऑक्सिजन आरपार जाऊ देणारं प्लास्टिक आलं तेव्हा कुठे या लेन्स परत वापरात आल्या.

औषधाची रिॲक्शन येऊन ज्यांच्या डोळ्यांतलं पाणीच आटतं, स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात त्याला, त्यांच्यासाठी तर ही लेन्स म्हणजे डोळ्यावर दिवसभर धरलेली पाण्याची ओंजळ. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये प्रोज नावाने हे काम चालतं.

आता लावायची कशी ते सांगतो, कारण पहिल्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. टेबलावर टॉवेल अंथरायचा, छोट्या रबरी प्लंजरवर लेन्स वाटीसारखी ठेवायची, काठोकाठ सलाइन भरायचं, मग मान खाली घालून तोंड थेट टेबलाकडे, दोन्ही पापण्या बोटांनी ताणून धरायच्या आणि डोळा त्या वाटीत टेकवायचा. सलाइन सांडतं, शर्ट भिजतो, चालायचंच. मध्ये बुडबुडा राहिला तर काढून परत पहिल्यापासून. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला, आता दोन मिनिटं. सलाइन मात्र प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच, आणि नळाचं पाणी चुकूनही नाही, त्यात अकँथअमिबा नावाचा जंतू असू शकतो, तो कॉर्नियाची पार वाट लावतो. रात्री काढूनच झोपायचं. कधीकधी दुपारी धुकं साचल्यासारखं होतं, मग ऑफिसच्या बेसिनपाशी हात धुऊन, नीट कोरडे करून लेन्स काढायची, नवं सलाइन भरायचं, लोक बघतात तर बघू देत.

स्वस्त आहे का? अजिबात नाही, दोन डोळ्यांच्या मिळून हजारोंत जातात, आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात, हे आधीच विचारून घ्या.

आणि हो, तपासणीला कॉर्नियाचा नकाशा काढतात, टोपोग्राफी, त्याच्या आधी काही दिवस जुन्या लेन्स बंद ठेवायला सांगतात. किती दिवस ते फोन करूनच विचारा, मी न विचारता सकाळी सहाची एसटी पकडून लेन्स घालून गेलो होतो, तिथल्या ताईंनी डोळ्यात बघितलं आणि म्हणाल्या, दादा, पुढच्या आठवड्यात या.