शंकरपाळीसारखे चट्टे

हे डुक्कर काल संध्याकाळी व्यवस्थित खात होतं. आज उठायचं नाव नाही, ताप 41 डिग्रीच्या वर, आणि पाठीवर बघा, लाल चट्टे, तिरके चौकोनी, अगदी शंकरपाळी कापल्यासारखे. हात फिरवला की जरा फुगीर लागतात.

रोगाचं नाव इरिसिपेलस, बॅक्टेरियाचा रोग. असे चट्टे दिसले तर डॉक्टर लांबूनच ओळखतात. पण कधीकधी चट्टे उठायच्या आतच जनावर मरतं, नुसता ताप आणि कान-पोट लालजांभळं, आणि स्वाइन फीव्हरमध्येपण साधारण तसंच दिसतं ना, तिथेच घोळ होतो. स्वाइन फीव्हर व्हायरसचा, त्याच्यावर पेनिसिलिन देऊन उपयोग नाही. इरिसिपेलसवर मात्र वेळेत दिलं तर एक-दोन दिवसात डुक्कर परत खायला लागतं.

म्हणून लॅब. सॅम्पल टॉन्सिलचं घेऊन उपयोग नाही, कारण धडधाकट डुकरांतसुद्धा 30 ते 50 टक्क्यांच्या टॉन्सिलमध्ये हा जंतू निवांत बसलेला असतो. मेलेल्या जनावराच्या हृदयातलं रक्त, प्लीहा, किडनी, हे लागतं. आणि ग्लोव्ह्ज घालूनच, बोटाला चीर असेल तर तिथून शिरतो आणि बोट जांभळं होऊन ठणकत बसतं, खाटीक आणि मासे साफ करणाऱ्यांना हे नवीन नाही.

ब्लड अगारवर (जंतू वाढवायची रक्त घातलेली जेली) एक-दोन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढ्या कॉलनी येतात. स्टेन केलं, म्हणजे रंग दिला, की मायक्रोस्कोपखाली बारीक जांभळ्या काड्या. दुसरी कॉलनी काचेवर घेऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका, बुडबुडे येत नाहीत. टीएसआयच्या (साखर आणि लोह घातलेलं माध्यम) नळीत मात्र काळं पडतं. काडी, बुडबुडे नाहीत, वर काळं, हे तिन्ही एकत्र जमणारे जंतू फार थोडे.

1882 मध्ये फ्रान्समध्ये याच रोगाने डुकरं मरत होती तेव्हा लुई पाश्चर आणि त्यांचा तरुण सहकारी लुई थुइलिए या रोगाच्या मागे लागले. पाश्चरनी जंतूचं वर्णन 8 च्या आकड्यासारखा असं केलं! बारीक काडीचं नीट वर्णन जर्मनीच्या लोफलरने 1886 मध्ये छापलं. तरी पाश्चरनी सशातून जंतू सौम्य करत करत लस काढलीच. थुइलिए 1883 मध्ये कॉलऱ्याचा शोध घ्यायला अलेक्झांड्रियाला गेला आणि कॉलऱ्यानेच गेला.

जुन्या लॅबवाल्यांची आवडती टेस्ट शेवटी दाखवतो. जिलेटिनच्या नळीत जंतू लावलेली सुई खुपसायची, चार-पाच दिवस थांबायचं. सुईच्या रेषेतून आडवे केस फुटतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. हे बघा, फुटलेत.